श्रद्धेच्या आवारातले जीवशास्त्र

ख्रिस्ती विद्यापीठात जीवशास्त्राची पदवी घेतो म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे उत्क्रांती शिकवतात का? प्रश्न रास्त आहे. उत्क्रांती वगळून जीवशास्त्र शिकवता येते, पण मग हाती उरते ती नावांची आणि आकृत्यांची यादी. देवमाशाच्या पुढच्या परात हाताची हाडे का सापडतात, क्षयाचे जंतू औषधांना दाद का देईनासे होतात, माणसाला क जीवनसत्त्व अन्नातूनच का घ्यावे लागते, हे प्रश्न मग कोणी विचारायचेच नाहीत.

या पुस्तकाचा विषय अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठांतले पदवीचे जीवशास्त्र हा आहे. तो या प्रश्नापाशी सुरू होतो, पण तिथे संपत नाही. पुष्कळ वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की संस्थेच्या पाटीवर क्रूस आहे की नाही, यावरून तिथल्या जीवशास्त्राची प्रत कळत नाही. ती कळते वेगळ्याच गोष्टीवरून. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते संस्थेच्या समजुतीविरुद्ध गेले, तर तिथल्या शिक्षकाला ते वर्गात स्पष्टपणे सांगता येते का? ज्या ख्रिस्ती विद्यापीठात हे सांगता येते, तिथला विद्यार्थी एरवी कुठेही न मिळणारे शिक्षण घेऊन बाहेर पडतो. जिथे सांगता येत नाही, तिथे इमारती आणि उपकरणे कितीही उत्तम असोत, जीवशास्त्र अर्धेच शिकवले जाते.

आधी या संस्था कोणत्या, ते पाहू. अमेरिकेतली कितीतरी जुनी विद्यापीठे धर्मासाठीच निघाली. हार्वर्ड १६३६ साली प्युरिटनांनी काढले, प्रिन्स्टन १७४६ साली प्रेस्बिटेरियनांनी. पुढे त्यांनी चर्चचे बोट सोडले. काहींनी ते सोडले नाही. जॉर्जटाऊन (१७८९) आणि नोत्र दाम (१८४२) ही कॅथलिक विद्यापीठे, टेक्ससमधले बेलर (१८४५) हे बॅप्टिस्ट, मिशिगनमध्ये डच स्थलांतरितांनी काढलेले कॅल्विन (१८७६), शिकागोजवळचे व्हीटन (१८६०), आणि अगदी अलीकडचे व्हर्जिनियातले लिबर्टी (१९७१). ही सगळी खासगी आहेत आणि ही बाब फार महत्त्वाची आहे. उत्क्रांतीच्या शिक्षणावर बंदी घालता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितले. १९८७ साली त्याच न्यायालयाने उत्क्रांतीच्या जोडीने निर्मितीवाद शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला. २००५ साली पेनसिल्वेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात ‘बुद्धिमान रचने’ची, म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडवले अशी, कल्पना विज्ञान म्हणून शिकवायला मनाई झाली. हे सगळे निकाल सरकारी शाळांपुरते आहेत. खासगी विद्यापीठाच्या वर्गात काय शिकवावे, यात न्यायालय पडत नाही. त्यामुळे रेघ कुठे मारायची, हे प्रत्येक ख्रिस्ती विद्यापीठ स्वतःच ठरवते, आणि दोन विद्यापीठांच्या रेघा एका जागी नसतात.

ही रेघ कागदावर असते. तिला श्रद्धेचे निवेदन म्हणतात. पुष्कळ इव्हँजेलिकल संस्थांत प्राध्यापकाने नोकरीला लागताना, काही ठिकाणी दरवर्षी, त्यावर सही करायची असते. व्हीटनच्या निवेदनात पृथ्वीचे वय दिलेले नाही, पण देवाने आदाम आणि हव्वा यांना प्रत्यक्ष निर्माण केले आणि तेच साऱ्या मानवजातीचे ऐतिहासिक पूर्वज, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच व्हीटनच्या विज्ञान इमारतीत एका मॅस्टोडॉनचा सांगाडा उभा आहे. हा हत्तीचा नामशेष झालेला नातलग १९६३ साली जवळच्या ग्लेन एलिन गावात एका खोदकामात सापडला. तो हिमयुगाच्या अखेरीचा आहे, म्हणजे दहा हजार वर्षांहून जुना. व्हीटनला त्याची अडचण वाटत नाही. मॅस्टोडॉन चालतो, माणसाचा वानरकुळाशी असलेला संबंध तेवढा चालत नाही. तिथला जीवशास्त्राचा विद्यार्थी नेमका या फटीत चार वर्षे काढतो.

लिबर्टीमध्ये ही फटही नाही. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे, ही भूमिका तिथे अधिकृतपणे शिकवली जाते. उलट टोकाला बेलर आहे. उत्क्रांती हे आधुनिक जीवशास्त्राचे पायाभूत तत्त्व असून त्याला प्रचंड पुरावा आहे, असे त्या बॅप्टिस्ट विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाने स्वतःच जाहीर केलेले आहे. कॅथलिक विद्यापीठांत हा वाद फारसा पेटलेला दिसत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० साली उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडूनच येतो एवढी अट ठेवली. जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही आता केवळ अटकळ राहिलेली नाही असे मान्य केले. पण कॅथलिकांचा मार्गही सरळ नव्हता. नोत्र दामचे धर्मगुरू आणि विज्ञानाचे प्राध्यापक जॉन झाम यांनी १८९६ साली उत्क्रांती आणि कॅथलिक सिद्धांत यांचा मेळ घालणारे पुस्तक लिहिले, आणि दोनच वर्षांनी रोमने ते निषिद्ध ठरवले.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा माणूस वाटतो तो विल्यम लुई पोटीट. मराठीत त्याच्याविषयी मी कुठे वाचलेले नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातले वेक फॉरेस्ट हे तेव्हा बॅप्टिस्टांचे कॉलेज होते. पोटीट तिथेच शिकला आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागला. १८८८ साली तो बर्लिनला गेला. जर्मन विद्यार्थी पुस्तकातून नव्हे तर प्राणी फाडून, सूक्ष्मदर्शकातून पाहून शिकतात, हे त्याने तिथे पाहिले आणि परत येऊन दक्षिणेतल्या त्या छोट्या कॉलेजात तशी प्रयोगशाळा उभी केली. तो उत्क्रांती शिकवत असे आणि रविवारी चर्चमध्येही जात असे. दोन्ही गोष्टी उघडपणे. १९०५ साली तो कॉलेजचा अध्यक्ष झाला. १९२० नंतर फिरत्या प्रवचनकारांनी त्याच्यावर झोड उठवली. हा माणूस बॅप्टिस्टांच्या पैशाने त्यांच्याच मुलांची श्रद्धा बुडवतो, असा आरोप होता. १९२२ साली राज्यातल्या बॅप्टिस्टांच्या अधिवेशनात तो बोलायला उभा राहिला. त्याला काढून टाकावे अशी मागणी घेऊन कितीतरी प्रतिनिधी आलेले होते. त्याने आपला विज्ञानावरचा विश्वास लपवला नाही, येशूवरचाही नाही. सत्याला सत्याची भीती नसते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. अधिवेशन त्याच्या बाजूने वळले. तीन वर्षांनी राज्याच्या विधिमंडळात उत्क्रांतीविरोधी विधेयक आले, तेव्हा ते पाडण्यात वेक फॉरेस्टचे माजी विद्यार्थी आघाडीवर होते. शेजारच्या टेनेसी राज्यात त्याच वर्षी तसा कायदा झाला आणि त्याखाली जॉन स्कोप्स नावाच्या तरुण शिक्षकावर खटला भरला गेला. दोन राज्यांतला हा फरक पडण्यात एका ख्रिस्ती कॉलेजच्या जीवशास्त्राच्या वर्गाचा वाटा होता.

पण पोटीटची गोष्ट इथे थांबवली तर ती खोटी ठरेल. हाच पोटीट सुप्रजननवादी होता. ‘निकृष्ट’ माणसांना संतती होऊ देऊ नये, ही त्या काळच्या सुशिक्षितांची आवडती कल्पना त्यानेही उचलून धरली. पुढे नॉर्थ कॅरोलायनाने तसा कायदा केला आणि १९७४ पर्यंत त्या राज्यात सुमारे ७,६०० जणांची नसबंदी करण्यात आली. त्यांत गरीब, मतिमंद ठरवलेले आणि नंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. स्कोप्सने ज्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांती शिकवल्याचा आरोप होता ते जॉर्ज हंटरचे १९१४चे पुस्तकही याच विचाराचे होते. त्यात मानववंशांची उतरंड होती आणि गोरा वंश सर्वांत वर होता. आज स्कोप्स खटला सांगताना आपण हे विसरतो. सरकारपक्षाच्या बाजूने उभा राहिलेला विल्यम जेनिंग्ज ब्रायन विज्ञानाच्या बाबतीत चुकत होता यात शंका नाही. पण दुबळ्यांना तुडवणे म्हणजे निसर्गाचा नियम, असे समजणाऱ्या विचारसरणीची त्याला वाटणारी भीती खरी होती. १९२७ साली कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा नऊ न्यायाधीशांत एकच जण विरोधात गेला. तो पियर्स बटलर, त्या न्यायालयातला कॅथलिक. १९३० च्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला. त्या काळात अनेक नामांकित विद्यापीठांतले जीवशास्त्रज्ञ तिच्या बाजूने व्याख्याने देत होते.

इथे मला इरावतीबाई कर्वे आठवतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांवर काम करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीत बुद्धिश्रेष्ठत्वाची खूण सापडेल, अशी त्या गुरूची अपेक्षा होती. बाईंनी मोजमापे घेतली. तसा काही फरक निघाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. त्या संस्थेला धर्माचे नाव नव्हते. संशोधकाने आधी ठरवून ठेवायचे निष्कर्ष मात्र तिथेही होतेच. सहीचा कागद नसला म्हणजे मन मोकळे असते असे नाही, एवढे लक्षात ठेवून ख्रिस्ती विद्यापीठांकडे पाहावे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे येतो. पहिल्या वर्षी सामान्य जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र, दुसऱ्या वर्षी बहुतेकांना घाम फोडणारे ऑरगॅनिक केमिस्ट्री, मग आनुवंशिकी, पेशीशास्त्र, परिसंस्थाशास्त्र. पुष्कळ मुलांचा डोळा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेवर असतो, आणि ती परीक्षा धर्म विचारत नाही. त्यामुळे या अभ्यासक्रमाचा सांगाडा कुठल्याही सरकारी विद्यापीठासारखाच असतो. वेगळे असते ते त्याभोवतीचे: बायबल किंवा धर्मशास्त्राचे सक्तीचे तास, तत्त्वज्ञान, आणि चॅपेल, म्हणजे सामूहिक प्रार्थना. चॅपेल काही ठिकाणी सक्तीचे असते. कॅल्विनमध्ये ते ऐच्छिक असते.

या सगळ्याचा कस लागतो तो आनुवंशिकीच्या वर्गात. एकच धडा उदाहरणादाखल घेतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. सर्वांचा पूर्वज एक असेल तर माणसाची एक जोडी गेली कुठे? पुरती हरवणे शक्य नाही, कारण एवढी जनुके गेली तर जीव जगतच नाही. मग एकच शक्यता उरते: दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून एक झाली असावीत. तसे झाले असेल तर खुणा राहायला हव्यात. गुणसूत्राच्या टोकांना एक ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. जोडलेल्या गुणसूत्रात तो मध्येच सापडायला हवा. शिवाय सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचा आवळलेला भाग, एकाऐवजी दोन असायला हवेत, एक कामाचे आणि एक निकामी झालेले. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हे दोन्ही सापडते, अपेक्षित जागीच. डोव्हरच्या खटल्यात न्यायाधीशांसमोर हा पुरावा ठेवला केनेथ मिलर यांनी. मिलर हे ब्राऊन विद्यापीठातले पेशीशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या शाळांत चालणाऱ्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आणि नेमाने चर्चला जाणारे कॅथलिक.

हा धडा सरकारी विद्यापीठात अर्ध्या तासात उरकतो. मुले तो लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. ज्या मुलीच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना होते, जिला लहानपणापासून उत्पत्तीचे पहिले अध्याय अक्षरशः खरे म्हणून सांगितलेले आहेत, तिच्यासाठी तो अर्ध्या तासाचा राहत नाही. तिचे आजीशी, पाळकाशी, स्वतःशी असलेले नाते त्या टेलोमिअरच्या क्रमात गुंतलेले असते. अशा वेळी समोर उभा असलेला शिक्षक स्वतः श्रद्धावंत असेल, आणि तरीही पुरावा न चोरता सांगत असेल, तर तिला कळते की विज्ञान स्वीकारायला घर सोडावे लागत नाही. याचे मोल धर्माशी संबंध नसलेल्या माझ्यासारख्या शिक्षकालाही मोठे वाटते. तिच्या प्रश्नाला मी तेवढ्या अधिकाराने उत्तर देऊ शकलो नसतो. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प पूर्णत्वाला नेणारे फ्रान्सिस कॉलिन्स यांनी २००७ साली बायोलोगोस ही संस्था काढली ती याच कामासाठी. तिचे कार्यालय मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात आहे, कॅल्विन विद्यापीठाच्याच गावात.

पण त्या शिक्षकालाच बोलता येत नसेल तर? आजच्या माणसांतली जनुकीय विविधता कुठल्याही एका जोडप्यापासून आलेली असणे शक्य दिसत नाही. आपले पूर्वज हजारोंच्या समूहानेच राहत होते, असे गणित सांगते. हे आदाम-हव्वेच्या शब्दशः अर्थाशी जुळत नाही. २०१० साली कॅल्विनमधल्या धर्मशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी हे मान्य करून लेख लिहिले. गदारोळ झाला आणि त्यांतल्या एकाने पुढच्याच वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली. स्कोप्स खटल्याच्या गावी, डेटनला, ब्रायनच्या स्मरणार्थ १९३० साली सुरू झालेले ब्रायन कॉलेज आहे. तिथल्या विश्वस्तांनी २०१४ साली श्रद्धेच्या निवेदनाला पुरवणी जोडली: आदाम आणि हव्वा कुठल्याही आधीच्या जीवापासून निर्माण झालेले नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षे जुन्या मजकुरावर सही केली होती अशा काही प्राध्यापकांना त्यानंतर तिथे राहता आले नाही. नोकरी चालू असताना अटी बदलणे हे मला अन्यायाचे वाटते. आणि अशा कॉलेजातला विद्यार्थी गमावतो तो केवळ एक धडा नव्हे. शिक्षक घाबरून बोलतो आहे, हे मुलांना फार लवकर कळते. विज्ञानाचा पाठ म्हणून त्यांच्या लक्षात राहते ती भीतीच.

कॅल्विनचा मात्र एवढाच उल्लेख केला तर त्यांच्यावर अन्याय होईल. तिथल्या जीवशास्त्र विभागाने केलेले एक काम या पुस्तकाच्या वाचकाने आवर्जून जाणून घ्यावे. ग्रँड रॅपिड्समधून प्लास्टर क्रीक नावाचा ओढा वाहतो. शेतांतले खत, रस्त्यांवरचे तेल, मैलापाण्यातले जंतू, सगळे त्यात उतरते. पश्चिम मिशिगनमधल्या अतिप्रदूषित प्रवाहांत त्याची गणना होते. त्याच्या उगमाकडे शेते आणि उपनगरे आहेत, खालच्या अंगाला गरीब वस्ती. घाण वरचे करतात, भोगतात खालचे. आपल्याकडच्या मुळा-मुठेकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कॅल्विनच्या जीवशास्त्रज्ञांनी २००९च्या सुमारास हा ओढा सुधारायचे काम अंगावर घेतले. विद्यार्थी पाण्याचे नमुने घेतात, जंतू मोजतात. स्थानिक रानझाडांचे बी गोळा करून रोपे वाढवतात. रस्त्याकडेला खोलगट वाफे खणून त्यांत ती लावतात. पावसाचे पाणी त्या वाफ्यांत थांबते, मुळांतून गाळून जमिनीत मुरते आणि ओढ्याला गढूळ लोंढा जात नाही. शाळेतली मुले आणि चर्चमधली मंडळी हाताशी असतात. पृथ्वी देवाची आहे आणि ती आपल्याकडे सांभाळायला दिलेली आहे, हा त्यांचा विश्वास. ज्याचे घर ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे तो आपला शेजारी, हाही. या विश्वासाने ई. कोलायची मोजणी बदलत नाही, पण मोजणी झाल्यावर कुदळ हातात घ्यायची की नाही हे त्यावरून ठरते. मिशिगनच्याच उत्तर भागात ऑ सेबल इन्स्टिट्यूट आहे. ख्रिस्ती कॉलेजांतली मुले तिथे उन्हाळ्यात येऊन तळी, रान, पक्षी यांचा मैदानी अभ्यास करतात. या परंपरेचा हा भाग वादांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि वर्तमानपत्रांत तो क्वचितच येतो.

मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटायला नको, कारण आपल्याला जे ख्रिस्ती कॉलेज सर्वांत ठाऊक आहे तिथे हेच घडले. मुंबईचे सेंट झेवियर्स जेझुइटांनी १८६९ साली काढले. तिथे १९०३ साली एथेलबर्ट ब्लाटर हा स्विस धर्मगुरू आला. त्याने १९०६ साली वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. तो आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणारा कोणीही त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही. ब्लाटरने पामवृक्षांवर, गवतांवर, काश्मीरच्या फुलांवर ग्रंथ लिहिले. ब्रह्मदेशातून परतलेला, व्यापाराचे शिक्षण घेणारा एक तरुण पक्ष्यांत रमलेला आहे हे ओळखून त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकायला बसवले तेही ब्लाटरनेच. तो तरुण म्हणजे सालिम अली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या आपल्या वैद्यक-वनस्पतिज्ञाने बसूंसह लिहिलेल्या भारतीय औषधी वनस्पतींच्या महाग्रंथाची दुसरी आवृत्ती ब्लाटर, सर्पविषाचे अभ्यासक फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी मिळून सिद्ध केली. ब्लाटरनंतर स्पेनहून आलेले फादर सांतापाव यांनी खंडाळ्याची आणि पुरंदरची वनस्पतिसृष्टी नोंदवली, कारवीच्या कुळाचा सखोल अभ्यास केला आणि १९६१ पासून सहा वर्षे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकपद सांभाळले. झगा घालणारा धर्मगुरू एका धर्मनिरपेक्ष सरकारच्या शास्त्रीय खात्याचा प्रमुख होता, आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही.

मात्र झेवियर्समध्ये किंवा भास्करराव हिवाळ्यांनी १९४७ साली काढलेल्या अहमदनगर कॉलेजात श्रद्धा आणि उत्क्रांती यांची टक्कर झाली नाही, याचे एक कारण साधे आहे. अभ्यासक्रम कॉलेज ठरवत नव्हते, विद्यापीठ ठरवत होते. वर्गात बहुसंख्य मुले ख्रिस्ती नव्हती. त्यामुळे हा प्रश्न वर्गात आलाच नाही. याला मी निव्वळ लाभ मानत नाही. आपला विद्यार्थी डार्विन परीक्षेत लिहितो आणि घरी निराळेच मानतो. दोन्हींची गाठ कधी पडत नाही. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. पालकांकडून मात्र फारसा आवाज उठला नाही. ज्या समाजाने तो धडा कधी मनापासून वाचलाच नव्हता, त्याला तो गेल्याचे जाणवणार कसे? डेटनच्या कोर्टात १९२५ साली लोक निदान भांडत होते. आपण काय शिकतो याने आपण कोण ठरतो, हे त्यांना पटलेले होते.

म्हणून हे पुस्तक केवळ अमेरिकेला जाणाऱ्या मुलांसाठी नाही. तरी त्यांच्यासाठी चार शब्द व्यवहाराचे लिहितो. नोत्र दाम, जॉर्जटाऊन, बेलर इथे सर्व धर्मांच्या मुलांना प्रवेश मिळतो. व्हीटनसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याकडूनही ख्रिस्ती श्रद्धेची आणि आचारनियमांची अपेक्षा असते. कॅथलिक संस्थेत मानवी भ्रूण नष्ट करून होणारे संशोधन करता येणार नाही. त्या वाटेने जायचे असेल तर दुसरीकडे पाहावे. विभागाच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध कुठे छापून येतात ते तपासा. उत्क्रांतीचा स्वतंत्र विषय अभ्यासक्रमात आहे का, तो जीवशास्त्राचेच प्राध्यापक शिकवतात का, हे विचारा. गेल्या काही वर्षांतले पदवीधर कुठे गेले, हेही विचारा. विचारायला संकोच करू नका. चांगल्या विभागाला अशा प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो तिथे जाऊ नये. अर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठाचे श्रद्धेचे निवेदन आणि जीवशास्त्राचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून, शब्द न् शब्द वाचा. दोन्ही कागद विद्यापीठे उघडपणे प्रसिद्ध करतात.